पडद्यावरचा हिमवर्षाव

यंत्रात दोष निघाला की तो दुरुस्त व्हावा, नाहीतर यंत्र अडगळीत जावे, अशी आपली समजूत असते. परंतु यंत्र गेले आणि दोष मागे उरला, असेही घडते. अशाच एका दोषाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१९८१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. रंगीत पडद्यासाठी त्याला सीजीए नावाचे कार्ड मिळे. त्याची स्मृती १६ किलोबाइट. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २००० अक्षरे. प्रत्येकाला एक बाइट अक्षराचा, एक रंगाचा. चार हजार बाइटांत काम भागले. अडचण जागेची नव्हतीच, दाराची होती.

पुराणिक पोथी वाचीत आहेत आणि लेखनिक त्याच पोथीत दुरुस्ती करतो आहे, अशी कल्पना करा. पोथी एकच. लेखनिकाने पान आपल्याकडे ओढले तरी पुराणिकांना थांबण्याची मुभा नाही; त्या क्षणी डोळ्यांपुढे जे येईल ते त्यांनी म्हणायचे! कार्डाची गत नेमकी हीच. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने काढावे लागते, म्हणून कार्ड स्मृती अखंड वाचीत असते. मध्येच प्रोसेसर लिहू लागला की मान त्याला मिळे, आणि कार्डाच्या हाती भलताच बाइट येई. पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके भुरभुरत. लोकांनी त्याला ‘स्नो’ म्हणजे हिम असे नाव दिले. पोथी मात्र शाबूत राही. बिघडे ते केवळ त्या क्षणाचे वाचन. ४० अक्षरांच्या ओळीत वाचन निम्मे, म्हणून तेथे हा उपद्रव नसे.

उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या गळ्यात पडला. एक ओळ रेखून किरण डावीकडे परततो, तेवढ्या अवकाशात एखादे अक्षर लिहून घ्यायचे आणि पुन्हा वाट पाहायची. सगळा मजकूर वर सरकवायचा झाला तर बायोस सरळ पडदाच क्षणभर काळा करी. केर काढताना दिवा मालवावा, तसाच हा प्रकार!

पुढे हिम न पाडणारी कार्डे आली, तरी वाट पाहण्याची सवय सुटली नाही. टर्बो पास्कलमध्ये ‘चेकस्नो’ नावाची एक खूणच होती. ती बंद केली नाही, तर निर्दोष कार्डावरही प्रोग्रॅम जुन्या दोषाला भिऊन थबकत चाले.

आणि २०१५ साली ‘८०८८ एमपीएच’ नावाच्या प्रात्यक्षिकात काही हौशी मंडळींनी या कार्डाच्या खोडींचाच उपयोग करून, अधिकृत १६ रंगांच्या जागी १०२४ रंग दाखविले. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करण्याचा दावा करणारे तेव्हाचे एमुलेटर तेथे उताणे पडले. त्यांनी कार्डाचे गुण टिपले होते, खोडी टिपल्या नव्हत्या. खरी कार्डे दिवसेंदिवस दुर्मिळ होत असताना ही उणीव लहान नव्हे. आता डॉसबॉक्स-एक्स या एमुलेटरात ते हिमही मुद्दाम पाडण्याची सोय केलेली आहे.