पत्ता चुकलेला कंपायलर

तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये काळ मोजायला महामहम सोयीचा पडतो. दर बारा वर्षांनी येणारं हे स्नानपर्व ६ मार्च २००४ ला आलं, त्यानंतर २२ फेब्रुवारी २०१६ ला. या दोन पर्वांच्या मधल्या काळात या गावात, आणि तशी महाराष्ट्रातही, कितीतरी मुलं आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहायला बसली. त्यांतल्या अनेकांची पहिली झटापट सी भाषेशी झालीच नाही, ती झाली कंपायलर चालू करण्याशी. तिथेच हरलेली काही मुलं पुढे जन्मभर म्हणत राहिली, ‘प्रोग्रॅमिंग आपल्याला जमत नाही.’

आमच्या आजोळची माणसं कुंभकोणमची. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेलेली आणि तिथेच रुजलेली जी घरं आहेत, त्यांपैकी एक. १८२८ साली याच कुंभकोणमात जन्मलेल्या टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी केली, हे तिथे अजून अभिमानाने सांगतात. या घरांतली मुलं घरी मराठी बोलतात आणि बाहेर तमिळ. संगणक मात्र चूक सांगतो ती इंग्रजीत, आणि तीही अशा इंग्रजीत की इंग्रजी माध्यमाचं मूलही चक्रावून जावं.

२००४ मध्ये शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी++ ची ३.० ही आवृत्ती होती. बोरलँड कंपनीने टर्बो सी आणला १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये. म्हणजे मशीनवर विंडोज एक्सपी आणि त्यावर डॉसच्या जमान्यातला निळा पडदा. पण नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’च्या जुन्या आवृत्त्यांत तोच गृहीत धरलेला, लॅबच्या वहीत तोच, परीक्षेतही तोच. ऑल्ट-एफ९ ने कंपाइल, कंट्रोल-एफ९ ने रन, आणि ऑल्ट-एफ५ दाबेपर्यंत उत्तर दिसायचं नाही. हे शेवटचं कुणी सांगितलं नाही तर प्रोग्रॅम बरोबर चालूनही मूल रडकुंडीला यायचं.

लॅबमधलं फोल्डर सीडीवर घेऊन घरी आणलं की खरा त्रास सुरू व्हायचा. कंपायलर हा एकटा प्रोग्रॅम नाही. त्याला हेडर फाइली लागतात, लायब्ररी लागते, आणि शेवटी सगळं जोडणारा लिंकर लागतो. हे सगळं कुठे ठेवलंय त्याचे पत्ते टर्बो सी ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीज या खिडकीत लिहून ठेवतो. लॅबमध्ये पत्ता सी ड्राइव्हवरच्या टीसी फोल्डरचा असायचा. घरी कुणी ते डी ड्राइव्हवर ठेवलं, कुणाचं झिप उघडताना टीसीच्या आत आणखी एक टीसी झालं, की पडद्यावर यायचं : ‘अनएबल टू ओपन इन्क्लूड फाइल’. इन्क्लूडचा पत्ता दुरुस्त केला तर लिंकर अडायचा, सी-झीरो-एस डॉट ओबीजे सापडत नाही म्हणून. ही फाइल मुलाने कधी लिहिलेली नसते, तिचं नावही ऐकलेलं नसतं. प्रोग्रॅम मेनपर्यंत पोचण्याआधीची जुळवाजुळव ती करते आणि ती राहते लायब्ररीच्या फोल्डरमध्ये. म्हणजे पुन्हा पत्ताच चुकलेला.

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला याहून अवघड अडचण यायची. ड्रायव्हरचा पत्ता मुलं छोट्या अक्षरांत लिहायची : सी कोलन, बॅकस्लॅश, टीसी, बॅकस्लॅश, बीजीआय. पण सी भाषेत बॅकस्लॅशनंतर टी आला की तो टॅब होतो आणि बी आला की बॅकस्पेस. त्यामुळे कंपायलरला दिसणाऱ्या पत्त्यात टीसीही नाही आणि बीजीआयही नाही. बॅकस्लॅश दोनदा लिहायचा, एवढाच उपाय. ‘दोनदा लिही’ असं सांगणारे सर पुष्कळ भेटले. का, ते सांगणारे फार थोडे.

पुढे विंडोज ७ आलं आणि ६४ बिटांची मशीन घरोघरी पोचली. २०११ पासून तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. ज्या घरात कधी संगणक येता ना, तिथे तो आला. पण ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचा प्रोग्रॅम चालवतच नाही, त्यामुळे अभ्यासक्रमातला टर्बो सी नव्या मशीनवर उघडेना. मग डॉसबॉक्स आला, म्हणजे नव्या विंडोजच्या आत जुन्या डॉसचं सोंग.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा तेव्हा कुंभकोणमला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. त्याचा फोन आला, ‘मामा, मित्राकडे चालतं, माझ्याकडे चालत नाही. फोल्डर तर तेच आहे.’ फोल्डर तेच होतं, पण मित्राने डॉसबॉक्सला अख्खा सी ड्राइव्ह जोडून दिला होता आणि याने फक्त टीसीचं फोल्डर. त्यामुळे याच्या डॉसबॉक्समध्ये टीसी नावाचं फोल्डर उरलंच नव्हतं, त्याच्या आतलं सगळं ड्राइव्हच्या तोंडाशी आलं होतं. पत्ते नव्याने लिहिल्यावर चालू झालं. खरं तर त्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिममधला एक मोठा धडा तो शिकला होता, पण त्याला वाटत होतं की दिवस वाया गेला.

एवढा खटाटोप करून मिळायचं काय? एक उदाहरण घ्या. गणितज्ञ रामानुजन कुंभकोणमात वाढले, टाउन हायस्कूलमध्ये शिकले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या त्यांच्या घरात आता शास्त्र विद्यापीठाने जपलेलं संग्रहालय आहे, आणि त्याच विद्यापीठाच्या गावातल्या केंद्राला रामानुजनांचं नाव आहे. या गावातल्या मुलाने रामानुजनांच्या नावाशी जोडलेल्या, दोन घनांची बेरीज दोन प्रकारांनी होणाऱ्या संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहिणं साहजिकच. १७२९, ४१०४, १३८३२, २०६८३ या चार टर्बो सी बरोबर देतो. पाचवी ३२८३२. पण तिथला इंटिजर १६ बिटांचा, ३२७६७ च्या पलीकडे जात नाही, म्हणून ती पडद्यावर -३२७०४ अशी येते. तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसी कंपायलरवर पाचवी संख्याही बरोबर दाखवतो. मुलाचा तर्क दोन्हीकडे तोच आहे. जुनं साधन हट्टाने शिकवत राहण्याची किंमत मला या एका ऋण चिन्हात दिसते.

बदल झाले, पण सावकाश. तमिळनाडूच्या अकरावीच्या नव्या पुस्तकात डेव्ह-सी++ आला, बारावीला पायथन आली. डेव्ह-सी++ आपला कंपायलर बरोबरच आणतो, त्यामुळे पत्त्यांचा घोळ कमी झाला. त्याच्या जागी दुसरे घोळ आले. टर्बोच्या वहीतला आयओस्ट्रीम डॉट एच नव्या कंपायलरला नको, कारण सी++ च्या १९९८ च्या मानकात त्यातलं ‘डॉट एच’ गेलं. कोनिओ आणि क्लीअरस्क्रीन तर सी भाषेचे कधी नव्हतेच, ते डॉसच्या कंपायलरांचे. आणि आता मुलं व्हीएस कोड उतरवून घेतात आणि कंपायलर आला असं समजतात. तो फक्त एडिटर आहे. जीसीसी वेगळा घ्यावा लागतो, त्याचं बिन फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, लिहावं लागतं, आणि आधीपासून उघडी असलेली कमांडची खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागते, कारण जुन्या खिडकीला नवा पाथ माहीत नसतो. अर्ध्या तक्रारी या शेवटच्या गोष्टीवर मिटतात. उरलेल्यांत एक हमखास : फाइलला डॉट सी नाव दिलं, विंडोजने न दाखवता मागे डॉट टीएक्सटी लावलं.

या सगळ्या काळात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभं केलेलं स्पोकन ट्युटोरियलचं काम. पडदा इंग्रजीच ठेवायचा, पण तो समजावून सांगणारा आवाज मराठीत, तमिळमध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत. लिनक्सवर जीसीसीने पहिला प्रोग्रॅम कसा चालवायचा हे त्यात शांतपणे, एकेक पाऊल टाकत दाखवलंय. डॉट-स्लॅश लावल्याशिवाय ए डॉट आउट का चालत नाही, हे जे मूल आपल्या भाषेत एकदा ऐकतं, ते पुढे पाथला भीत नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती आहे. पहिलं प्रॅक्टिकल ‘हॅलो वर्ल्ड’चं घेऊ नका, कंपायलर बसवण्याचं घ्या. पाथ मुद्दाम मोडा, हेडरचा पत्ता चुकवा, आणि मुलांना तो शोधून दुरुस्त करू द्या. येणारा प्रत्येक संदेश आणि त्याचा अर्थ मराठीत किंवा तमिळमध्ये लिहून लॅबच्या भिंतीवर लावा. आणि ज्यांच्या अभ्यासक्रमात टर्बो सी अजून उरला असेल, त्यांनी तो येत्या वर्षापासून काढून टाकावा.