कीचक कोण?

चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिले असता वऱ्हाडचा वाटाड्या हटकून सांगतो की, भीमाने कीचकास मारून याच दरीत लोटले. कीचकदरा तोच चिखलदरा. या व्युत्पत्तीचा निवाडा भाषापंडितांनी करावा. परंतु अमरावती जिल्ह्यातील या गिरिस्थानाने एका उन्मत्त अधिकाऱ्याच्या अंताची कथा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या जिभेवर ठेवली, यात संशय नाही. सर्वांस पाठ असलेली अशी कथा हेच राजकीय रूपककाराचे भांडवल होय.

या भांडवलाचा उपयोग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी केला. त्यांचे ‘कीचकवध’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. कथानक विराटपर्वातलेच आहे. पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री झाली आहे आणि राजाचा मेहुणा व सेनापती कीचक तिच्यावर पापदृष्टी ठेवून आहे. नाटकात इंग्रज सरकारचे नावही नाही. तथापि १८९९ ते १९०५ पर्यंत लॉर्ड कर्झन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि १९०५ साली त्यांनी बंगालची फाळणी केली होती. त्यामुळे प्रेक्षकांस कीचकात कर्झन, सैरंध्रीत परतंत्र मायभूमी, कंकभट्टरूपी धर्मराजाच्या सबुरीत मवाळ पक्ष आणि बल्लवरूपी भीमाच्या संतापात जहाल पक्ष दिसू लागला.

वऱ्हाडास तर कर्झनसाहेब केवळ वृत्तपत्रातून ठाऊक नव्हते. १९०२ साली त्यांनी निजामाशी करार करून सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला. हा सौदा दोन सत्ताधीशांत झाला. अमरावती-अकोल्याची रयत त्यात पक्षकार नव्हती. आपल्यास न विचारता आपण पणास लागावे, हे द्रौपदीचे दुःख येथील माणसास निराळे समजावून देण्याची गरज नव्हती.

रूपकाची खरी शक्ती येथेच आहे. त्यात लेखक अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे वाचक वा प्रेक्षक आपल्या अनुभवाने भरून काढतो. म्हणून अशा कृतीवर खटला भरणे अवघड असते. मुखवट्याखाली अमुकच चेहरा आहे, हे सरकारनेच सांगावे लागते. १९१० साली सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा आधार घेऊन ‘कीचकवधा’वर बंदी घातली. कीचक म्हणजे कोण, हे नाटककाराने कोठेही लिहिले नव्हते. त्यावर जणू राजमुद्रा उठविली ती या हुकुमाने!

पुढे अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांनी ‘रणदुंदुभि’ (१९२७) या नाटकात स्वातंत्र्याचा विषय रंगभूमीवर आणला. या पिढीच्या नाटकांपुढे प्रश्न होता तो जुलमी सत्ता उलथून कशी पडेल, हा. परंतु ती पडल्यानंतर काय? मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४५ साली ‘अ‍ॅनिमल फार्म’ या लहानशा कादंबरीत सोव्हिएत रशियाच्या क्रांतीवर रूपक रचले. त्यात शेतावरील जनावरे धन्यास हाकलून लावतात आणि अखेरीस त्यांच्यातीलच डुकरे धन्यासारखी दोन पायांवर चालू लागतात. ‘कीचकवध’ जेथे संपते, तेथे ही कथा खऱ्या अर्थाने सुरू होते.

मात्र ही शंका केवळ पाश्चात्त्यांनाच सुचली असे नव्हे. विराटपर्वात कीचकाच्या मृत्यूने सैरंध्रीचे संकट टळत नाही. त्याचे भाऊबंद, म्हणजे १०५ उपकीचक, तिला बांधून कीचकाच्या प्रेताबरोबर जाळावयास स्मशानात नेतात आणि भीमास पुन्हा धावावे लागते. तिकडे विराट राजा आपल्या मेहुण्याच्या बळावर सिंहासन राखीत होता, म्हणूनच भरसभेत सैरंध्रीस लाथ बसली असताही त्याच्याने न्याय करवला नाही. जुलूम एका माणसात नसतो, त्यास निमूट आधार देणाऱ्या दरबारातही असतो, हे व्यासांनी फार पूर्वी सांगून ठेवले. चिखलदऱ्याचा वाटाड्या कीचकाची दरी दाखवितो. उपकीचकांची दरी कोठे, हे मात्र ज्याचे त्याने शोधावयाचे असते.