विमानाच्या शेपटीतील लहान इंजिन

आपल्या कोल्हारहून फार दूर नसलेल्या काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, आणि विमान पंचक्रोशीच्या परिचयाचे झाले. पण मोठी इंजिने बंद असताना उभ्या विमानात दिवे व थंड हवा कोठून येते? मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या प्रश्नाने मला चांगलेच गुंतवले.

बहुतेक जेट विमानांच्या शेपटीत एक लहान टर्बाइन इंजिन असते. त्यास आपण सहायक इंजिन म्हणू. ते वीज देते, तसेच मोठी इंजिने सुरू करण्यास लागणारी दाबाखालची हवाही पुरविते. मात्र त्याला स्वतःची इंधनटाकी नसते.

कोल्हापूरच्या घोडावत समूहाची 'स्टार एअर' ही कंपनी एम्ब्रेअर १७५ ही प्रादेशिक जेट विमाने वापरते. त्यांचे इंधन दोन्ही पंखांत साठविलेले असते. सहायक इंजिनाला ते उजव्या पंखातून मिळते. पण ते शेपटीपर्यंत ढकलायचे कोणी?

टाकीतील इजेक्टर पंप आपल्या विहिरीवरील जेट पंपाच्या तत्त्वावर चालतो. त्याला मोठ्या इंजिनाकडून दाबाने परत येणारे इंधन लागते. इंजिन बंद, तर तोही बंद. दुसरा पंप एसी विजेवर चालतो. पण बाहेरून वीज जोडलेली नसेल, तर ती वीज सहायक इंजिनानेच निर्माण करायची! म्हणजे वीज नाही म्हणून इंधन नाही, आणि इंधन नाही म्हणून वीज नाही. हा तिढा उजव्या टाकीतील एक छोटा डीसी पंप सोडवितो. तो बॅटरीवर चालतो. दुसऱ्या पंपाचा दाब मिळू लागला की त्याचे काम संपते.

इंधनाची ही नळी विमानाच्या धडातून, म्हणजे प्रवाशांच्या अगदी जवळून जाते. म्हणून तिच्यावर दुसरे आवरण असते. आतली नळी गळलीच, तर इंधन आवरणात अडते व निचऱ्याच्या वाटेने विमानाबाहेर पडते. शिवाय वाटेत एक झडप असते. शेपटीत आग लागल्याची सूचना मिळताच ती बंद करून प्रथम इंधन तोडतात. आग विझविणारा वायू त्यानंतर सोडतात. चुलीतील लाकूड आधी ओढून घ्यावे, हे आपल्या घरातील शहाणपण येथेही लागू पडते.

मित्रहो, खिडकीतून आपल्याला दिसते ते मोठे इंजिन. त्याची सुरुवात मात्र एका बॅटरीने आणि एका छोट्या पंपाने झालेली असते.