हंगाम संपल्यानंतरचा ताळेबंद

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सुरू होणारा कसोटी सामना पाहण्यासाठी भल्या पहाटे दूरचित्रवाणी संचासमोर बसणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याच मैदानावर मार्च ते सप्टेंबर या काळात एक अगदी निराळा खेळ रंगतो, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते. हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, अंडाकृती चेंडू, तो पायाने मारण्याची वा मुठीने टोलवण्याची मुभा आणि मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार उभे खांब. सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या साक्षीने अंतिम सामना होतो आणि हंगाम संपतो. त्यानंतर क्लबांच्या कचेऱ्यांत जो दुसरा खेळ सुरू होतो, त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना तो कदाचित पहिल्या खेळापेक्षाही अधिक रंजक वाटेल.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये सध्या अठरा क्लब आहेत. प्रत्येक क्लबला आपल्या खेळाडूंची एक यादी ठेवावी लागते आणि तिची कमाल संख्या ठरलेली असते. पूर्वी ती ४७ पर्यंत जाऊ शकत असे. कोविडच्या आर्थिक तडाख्यानंतर २०२१ च्या हंगामापासून ती ४४ वर आणण्यात आली. भरलेल्या यादीत एक नवा खेळाडू घ्यायचा, तर एक जुना जायलाच हवा, हा या व्यवहाराचा पहिला नियम. दुसरा नियम वेतनाचा. सर्व खेळाडूंना मिळून वर्षाकाठी किती वेतन द्यावे, याला लीगने कमाल मर्यादा घातली आहे. विशेष म्हणजे किमान मर्यादाही आहे. ठरलेल्या रकमेच्या ९५ टक्के खर्च करावाच लागतो. त्यामुळे श्रीमंत क्लबला तिजोरी रिती करता येत नाही आणि गरीब क्लबला हात आखडता घेता येत नाही. तिसरा नियम नवोदितांच्या वाटपाचा. १९८६ पासून दरवर्षी होणाऱ्या ‘ड्राफ्ट’मध्ये क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. गुणतक्त्यात तळाशी असलेल्याला पहिली निवड आणि विजेत्याला शेवटची, असा त्याचा मूळ क्रम असतो.

हे नियम केवळ कागदावरचे नाहीत. २००२ साली कार्लटन या नामांकित क्लबने वेतनमर्यादेबाहेर छुपी देणी दिल्याचे उघडकीस आले. क्लबला नऊ लाख डॉलरांहून अधिक दंड झाला आणि त्यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे ड्राफ्टमधील पहिल्या निवडीचा हक्क गेला. त्याच वर्षी तो क्लब आपल्या इतिहासात प्रथमच तळाला गेला होता. म्हणजे गरज सर्वाधिक होती, नेमकी तेव्हाच नव्या रक्ताची वाट बंद झाली.

आपल्याकडील आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना करण्याचा मोह होईल; परंतु एक मूलभूत फरक आहे. येथे एका क्लबला दुसऱ्याचा खेळाडू रोख किंमत मोजून विकत घेता येत नाही. ऑक्टोबरच्या अदलाबदलीच्या दिवसांत खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा किंवा ड्राफ्टमधील निवडीचे हक्क द्यायचे. हे हक्क म्हणजे या बाजारातील चलनच होय. २०१५ पासून पुढील वर्षीचे हक्कही देता येऊ लागले, आणि येथे बँकिंगच्या वाचकाचे कान टवकारतील. पुढील वर्षीच्या पहिल्या फेरीतील हक्काची किंमत आज कोणालाच ठाऊक नसते. क्लब वर राहिला तर तो अठरावा, तळाला गेला तर पहिला. रक्कम न लिहिता दिलेला पुढील तारखेचा धनादेश, एवढेच त्याचे वर्णन करता येईल.

याखेरीज २०१२ पासून ‘फ्री एजंट’ची तरतूद आहे. एका क्लबमध्ये आठ वर्षे काढलेला खेळाडू, करार संपल्यावर, विशिष्ट अटींवर अन्यत्र जाऊ शकतो. हॉथॉर्नचा लान्स फ्रँकलिन २०१३ च्या अखेरीस असाच सिडनीकडे गेला. नऊ वर्षांचा आणि सुमारे एक कोटी डॉलरांचा तो करार ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला होता. त्याने नऊही वर्षे पूर्ण केली. त्या काळात सिडनीने तीनदा अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा ती गमावली. करार फायद्याचा की तोट्याचा, यावर आजही एकमत होणार नाही.

तथापि यादीचे व्यवस्थापन म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी कॉलिंगवूडइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही. २०१८ च्या अंतिम सामन्यात हा क्लब केवळ पाच गुणांनी हरला. विजेतेपद हाताशी आले आहे, या भावनेने मग पावले पडू लागली. पूर्वी क्लब सोडून गेलेल्या डेन बीम्सला पहिल्या फेरीतील हक्क देऊन परत आणले. तो मोजकेच सामने खेळला आणि २०२० मध्ये निवृत्त झाला. ब्रोडी ग्रंडी या उंचपुऱ्या खेळाडूशी २०२० च्या आरंभी सात वर्षांचा करार झाला. मधल्या फळीतील ॲडम ट्रेलोरचा करार तर २०२५ पर्यंतचा होता. यातील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय वाटतो. परंतु दीर्घ मुदतीच्या करारांत वेतनाचा मोठा भाग पुढच्या वर्षांवर ढकलण्याची सोय असते आणि अशी पुढे ढकललेली देणी एकाच वेळी दाराशी येऊन उभी राहतात. त्यातच कोविडमुळे वेतनमर्यादा खाली आली.

नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीमुळे लांबलेल्या अदलाबदलीच्या दिवसांत, कॉलिंगवूडने जे केले ते पाहून त्याचे समर्थक हबकले. २०१८ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा बहुमान मिळवणारा जेडन स्टीव्हनसन नॉर्थ मेलबर्नला गेला. अंतिम सामना खेळलेला टॉम फिलिप्स हॉथॉर्नला देताना मोबदला मिळाला तो ड्राफ्टमधील ६५ व्या क्रमांकाच्या हक्काचा, म्हणजे जवळजवळ फुकटच. ट्रेलोरला जायचे नव्हते. वय सत्तावीस, पाच वर्षांचा करार हातात आणि क्लबवर मनापासून जीव. तरीही मुदत संपण्यास काही मिनिटे उरली असताना त्याच्या वेस्टर्न बुलडॉग्जकडील रवानगीचे कागद पूर्ण झाले आणि त्याच्या पुढील वेतनातील काही भाग कॉलिंगवूडनेच उचलण्याचे ठरले. बुडीत खाते निकाली काढताना थोडा तोटा पत्करावा लागतो, हे आपण जाणतो. पण खात्याला भावना नसतात, खेळाडूला असतात. मला विचाराल तर आकडे बरोबर होते; माणसाला वागवण्याची रीत बरोबर होती, असे म्हणवत नाही.

२०२१ मध्ये क्लब अठरांपैकी सतराव्या स्थानी घसरला. आपल्या त्या वर्षीच्या पहिल्या फेरीतील हक्काचा ‘धनादेश’ त्याने आधीच दुसऱ्या क्लबला दिलेला होता. म्हणजे जवळपास सर्वोत्तम निवड परक्याच्या हाती गेली. वरवर पाहता हा दिवाळखोरीचाच प्रकार. मात्र येथे एक खुबी होती. ज्याच्या पित्याने एखाद्या क्लबकडून शंभर किंवा अधिक सामने खेळले आहेत, त्या मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क असतो. कॉलिंगवूडकडून २५० सामने खेळलेल्या पीटर डेकॉस यांचा मुलगा निक त्याच वर्षी ड्राफ्टला येणार होता.

अग्रहक्क असला तरी मुलगा फुकट मिळत नाही. दुसऱ्या क्लबने त्याच्यासाठी बोली लावली की त्या क्रमांकाची किंमत चुकवावी लागते. त्यासाठी लीगने प्रत्येक क्रमांकाला गुण ठरवून दिले आहेत. त्या वर्षीच्या कोष्टकात पहिल्या क्रमांकाला ३,००० आणि चौथ्याला २,०३४ गुण होते. निकसाठी गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर बोली लावली. अग्रहक्काची २० टक्के सवलत वजा जाता कॉलिंगवूडला सुमारे १,६२७ गुण भरायचे होते. ते त्याने चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपासचे चार किरकोळ हक्क एकत्र करून भरले. पहिल्या फेरीतील मौल्यवान हक्क हाती असता, तर तोच या भरण्यात खर्ची पडला असता. म्हणूनच तो आधी वटवण्यात शहाणपण होते. हिऱ्याची किंमत चिल्लर मोजून दिल्यासारखा हा व्यवहार लीगलाही पुढे खटकला असावा, कारण २०२५ पासून ही सवलत निम्मी करण्यात आली आणि गुणांचे कोष्टकही बदलले.

निक डेकॉस २०२२ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रंडीलाही, त्याच्या वेतनाचा काही भार स्वतःकडे ठेवून, मेलबर्न क्लबकडे धाडण्यात आले. २०२३ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून विजेतेपद पटकावले. याचे सारे श्रेय यादीच्या हिशेबाला देणे अन्यायाचे होईल. नवे प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांचा वाटा त्यात मोठा आहे. त्या विजेत्या संघात मेसन कॉक्स हा अमेरिकी खेळाडूही होता. मूळचा बास्केटबॉलपटू असलेल्या कॉक्सला २०१४ मध्ये, अन्य खेळांतून येणाऱ्यांसाठी राखीव असलेल्या, यादीच्या अगदी तळच्या जागेवर घेतलेले होते.

ॲडम ट्रेलोरची २०२४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात प्रथमच निवड झाली. तो वेस्टर्न बुलडॉग्जकडून खेळत होता. त्या वर्षी कॉलिंगवूड नववा आला आणि बाद फेरी गाठू शकला नाही.