उभ्या गाडीचा ब्रेक

अनंत चतुर्दशी उलटली की पुढचे काही दिवस लालबागच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येतात. इंजिन सुरू होतं, गिअर पडतो, पण गाडी जड चालते. मालक म्हणतो, क्लच गेला असेल. कुणी म्हणतो, पेट्रोल खराब आहे. मिस्त्री मात्र आधी चारही चाकांजवळ वाकून हाताची मागची बाजू रिमपासून वीतभर लांब धरतो. तीन चाकं कोमट असतात, चौथ्याची धग हाताला लगेच लागते. ब्रेक जाम.

या भागात हे का होतं ते रस्ता पाहिला की कळतं. चाळींना पार्किंग नाही, त्यामुळे गाड्या गल्लीतच उभ्या. गणपतीत गणेश गल्ली, लालबाग मार्केट, चिंचपोकळीकडचा रस्ता या सगळीकडे बांबूचे कठडे आणि दर्शनाच्या रांगा. आत राहिलेली गाडी विसर्जनापर्यंत बाहेर काढायची सोय नसते. वर भाद्रपदातला पाऊस. पूर्वेला शिवडी-माझगावचं बंदर, पश्चिमेला वरळीचा समुद्र, म्हणजे हवेत मीठ कायमचं. त्यात काळजीपोटी घातलेलं जाड कव्हर खालची ओल धरून ठेवतं. त्याच गल्लीतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला हा त्रास क्वचित होतो. ती दोन पाळ्यांत पळते, तिचे ब्रेक रोज तापतात आणि रोज वाळतात. पावसात ब्रेक जाम होतात ते बहुतेक उभ्या गाड्यांचे, आणि आपल्याकडे घरगुती गाडी उभीच जास्त असते.

जुन्या पद्मिनी गाडीच्या जमान्यात कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, हा शब्द इथे फारसा कानावर येत नसे. तिच्या चाकांना ड्रम असत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. आता बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम, काहींना चारही डिस्क.

अशाच एका दिवशी एका गॅरेजात जॅकवर चढलेली गाडी शेजारच्याच चाळीतल्या एका काकांची होती. मिस्त्रीने पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी फिरवायचा प्रयत्न केला. जोर लावल्यावर जेमतेम पाव फेरा झाला. उजवं चाक सैल फिरलं, आतून हलकीशी खरखर आली. पॅड डिस्कला किंचित घासतो, तेवढी खरखर असायचीच. मग त्याने एक तपासणी केली. ती अनेक गॅरेजांत होत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. कॅलिपरच्या मागच्या, ब्रेकचं तेल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि निपल अर्धा आटा सैल केला. निपल सैल होताच चाक सुटलं, तर तेलाचा दाब मागे परतत नाही असा अर्थ. मग दोष बहुधा आतून फुगलेल्या रबरी होज पाईपचा, नाहीतर मास्टर सिलिंडरचा. चाक तसंच घट्ट राहिलं, तर अडचण कॅलिपरमध्येच. इथे बाटलीत चार थेंब पडले आणि चाक हललं नाही.

‘‘काका, होज चांगला आहे. हेच उघडायचं,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘नवीन कॅलिपर घालायला लागेल का रे?’’

‘‘आधी बघू तरी द्या.’’

कॅलिपरचं काम समजून घेतलं तर तो का अडकतो हे वेगळं सांगावं लागत नाही. घरगुती गाड्यांत बहुतेक सरकता कॅलिपर असतो. ब्रेक दाबला की तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला टेकवतो. पाय काढल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कुठेच नाही. ते काम पिस्टनभोवतीच्या चौकोनी छेदाच्या रबरी सीलचं. ब्रेक दाबताना सील पिस्टनबरोबर किंचित वाकतं, दाब सुटला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. गाडीचं मोकळं चालणं या केसभर अंतरावर अवलंबून आहे. पिस्टनवर गंजाचा एक थर आला, सीलच्या खाचेत मळ साचला किंवा पिना सुकल्या, तरी ते अंतर संपतं.

बोल्ट निघाल्यावर मिस्त्रीने कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगला. होजवर लोंबकळू दिला असता तर पाईप आतून फाटला असता. पॅड बाहेर आले. आतला झिजून पत्र्याला टेकायच्या बेताला आला होता, बाहेरचा अर्ध्याहून जाड. पिना अडकल्या की असंच होतं, एकाच पॅडवर सगळा भार येतो. वरची पिन बोटाने सरकली. खालची पान्याने ठोकून, फिरवून, शेवटी कण्हत निघाली. तिच्या टोकाला रबरी बुश होता आणि तो पावसाळ्यात चाळीचं दार चौकटीत फुगतं तसा फुगला होता. भोवती पिवळं चिकट ग्रीस.

‘‘हे कुणी भरलं?’’ मिस्त्रीने विचारलं. काकांनी मागच्या वर्षी दुसरीकडे सर्व्हिसिंग केलं होतं. दोष पावसाचा कमी आणि या ग्रीसचा जास्त होता. बेअरिंगला, चेसिसला लावतात ते साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही पातळ थराने. भोकात ठासून भरलं तर कोंडलेली हवा पिनेला आत जाऊ देत नाही. एवढ्याशा डबीची किंमत वाचवायला कुणी हाताशी असलेलं ग्रीस लावतं आणि त्यापायी पॅड, डिस्क, कधी अख्खा कॅलिपर जातो, याचा मला मनापासून राग येतो. ब्रेकमध्ये ‘चालतंय’ म्हणून काही चालवू नये.

पिस्टन काढायला त्याने हवेचा पाईप घेतला नाही. दाबाच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर चेंगरतं. पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा धरला आणि हाताखालच्या पोराला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. पिस्टन बाहेर आला तेव्हा धूळ अडवणारा रबरी डस्ट बूट जिथे फाटला होता नेमक्या त्याच जागी, करंगळीच्या नखाएवढा, तांबूस डाग दिसला. मिस्त्रीने त्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. नख अडलं असतं, म्हणजे क्रोमला खड्डा पडला असता, तर पिस्टन बदलावाच लागला असता. इथे बारीक पॉलिश पेपरने भागलं. सीलची खाच लाकडी काडीने कोरून साफ झाली, नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं. बूट, सील, बुश यांचं किट काही शेकड्यांत मिळतं, नवा कॅलिपर काही हजारांत जातो.

काढलेलं जुनं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. ते हवेतली ओल शोषतं आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेलं १४०लाच. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. जाम चाकाची डिस्क सतत घासून तापत राहते, ऑइल उकळतं, वाफ होते आणि ऐन गरजेला पेडल मऊ पडतं. जाम ब्रेकमुळे फार तर मायलेज घटतं असं समजून गाडी चालवत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ऑइल दोन वर्षांनी बदलावं. ओलीने आतला पिस्टनही गंजतो.

ओळखण्याच्या खुणा मिस्त्रीने काम करता करताच सांगितल्या. ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला ओढते. एकाच रिमवर काळी भुकटी जास्त बसते. जळका, उग्र वास येतो. न्यूट्रलमध्ये हलक्या उतारावर गाडी आपण होऊन सरकत नाही. त्याने सांगितलेली आणखी एक युक्ती मला फार पटली. शिवडीहून अटल सेतूवर गेलं की २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर ब्रेक जवळपास लागतच नाही. तिथून उतरून गाडी सुरक्षित जागी थांबवली की चारही चाकांजवळ हात न्यावा. एखादंच चाक तापलेलं असेल तर ते घासतंय. डिस्कला बोट लावायचं नाही, भाजतं. तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतायचं नाही, ती वाकते किंवा तडकते.

चाक बसवण्याआधी मिस्त्रीने उजवी बाजू उघडली. काका म्हणाले, ‘‘ती तर बरी आहे ना?’’ उजवीकडच्या पिना कोरड्याठाक निघाल्या आणि फक्त बुशभोवती तेच पिवळं ग्रीस. तो कॅलिपर पुढच्या पावसाळ्यात नक्की अडकला असता. दोन्ही बाजू झाल्यावर ब्रेकमधली हवा काढली. मग त्याने काकांना आत बसवून पेडल मारत राहायला सांगितलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. ते घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

‘‘पुढच्या गणपतीत काय करू?’’ काकांनी पैसे मोजता मोजता विचारलं.

‘‘गाडी धुतली तर लगेच उभी करू नका. एक चक्कर मारा, चार वेळा ब्रेक दाबा, डिस्क वाळू द्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दोन्हीकडून दगड लावा. आणि मांडव पडायच्या आधीच गाडी बाहेरच्या रस्त्याला काढा. आठवड्यातून एकदा तरी फिरली पाहिजे.’’