कट-ऑफच्या आधी

फेब्रुवारीतला कामाचा दिवस. ऑफिस बेलापूरला, बंदर न्हावा शेवा, नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. मी फ्रेट फॉरवर्डरकडे निर्यातीची कागदपत्रं सांभाळते.

सकाळी ८.००
लोकलमध्येच मेल उघडते. रॉटरडॅमच्या जहाजाचा ईटीए, म्हणजे बंदरात लागण्याची अंदाजे वेळ, सहा तासांनी पुढे गेलाय. मग ईटीडी, निघण्याची वेळ, तीही सरकणार. यातला ‘ई’ अंदाजाचा. जहाज खरंच लागलं की तिथे ‘ए’ येतो आणि एटीए होतो. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपची बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हापासून बागायतदार दर नंतर विचारतात, आधी ‘कुठल्या वाटेनं जाणार?’ हे विचारतात.

९.३०
फळ्यावर आजच्या तीन वेळा लिहिते: एसआय कट-ऑफ, व्हीजीएम कट-ऑफ, गेट कट-ऑफ. एसआय म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर काय छापायचं याची शिपिंग लाइनला दिलेली माहिती. व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन. १ जुलै २०१६ पासून ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, कारण कुठला डबा खाली आणि कुठला वर हे वजनावरून ठरतं.

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून फोन येतो.
“ताई, वजन पाठवलंय. झालं ना?”
“दादा, हे नुसत्या पेट्यांचं दिसतंय. पॅलेट धरलेत का? आणि कंटेनरचं स्वतःचं?”
“ते पण लागतं व्हय?”
लागतं. रिकाम्या डब्याचं वजन, टेअर, त्याच्या दारावरच लिहिलेलं असतं. दादा दाराचा फोटो पाठवतात. त्यात कंटेनर नंबरही दिसतो: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा एक तपासणीचा आकडा. तो आधीच्या दहांवरून गणित करून येतो, त्यामुळे टाइप करताना चूक झाली तर सिस्टिम बहुतेक वेळा तिथेच अडवते.

११.००
कोल्हापुरी चपलांचा व्यापारी, माल दुबईला. पूर्ण कंटेनर भरेल इतका नाही, म्हणून एलसीएल: एका डब्यात अनेकांचा माल. ३ सीबीएम, म्हणजे घनमीटर, आणि वजन ४०० किलो.
“चारशे किलोचं भाडं तीन टनाचं कसं लावता?”
समुद्रमार्गे एलसीएलला घनमीटर आणि टन यांत जो आकडा जास्त भरेल त्यावर भाडं. चपला जागा खातात, म्हणून तीन. विमानाने पाठवायचं तर एक घनमीटर साधारण १६७ किलो धरतात. म्हणजे पाचशे किलोचं भाडं, आणि दर कितीतरी जास्त. खोकी लहान करा, असं सुचवते. हा सल्ला कुठल्याही सवलतीपेक्षा स्वस्त पडतो.

१२.३०
जेवणाचे डबे उघडतात. नव्याने लागलेला मुलगा वही घेऊन बसलाय, संक्षेपांची यादी पाठ करतोय.
“मॅडम, एफओबी म्हणजे फ्री ऑन बोर्ड. बरोबर?”
“बरोबर. पण कंटेनर टर्मिनलच्या आत उभा आहे, अजून जहाजावर चढलेला नाही, आणि रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, कूलिंग बंद पडलं. नुकसान कोणाचं?”
तो वहीत बघतो. वहीत ते नाही.

इनकोटर्म्स, म्हणजे एफओबीसारख्या व्यापाराच्या अटी, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ मध्ये पहिल्यांदा काढल्या. सध्याच्या २०२० च्या, एकूण ११. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. कंटेनर मात्र गेटच्या आत गेला की तो टर्मिनलच्या ताब्यात; विकणाऱ्याला तिथे हातही लावता येत नाही. म्हणजे ताबा नाही आणि जोखीम आहे, असे ते काही तास किंवा दिवस. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफसीए वापरा, असं चेंबर सांगतं. त्यात ठरल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली केलं की जोखीम संपते. तरी आपल्याकडे सवयीने एफओबीच लिहितात.

सीआयएफ तर आणखी फसवं. भाडं आणि विमा रॉटरडॅमपर्यंत विकणाऱ्याचा, पण जोखीम इथेच, माल जहाजावर चढताक्षणी, घेणाऱ्याकडे जाते. पैसे एकाचे, जोखीम दुसऱ्याची.

“यादी पाठ करू नकोस,” मी म्हणते. “प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिही: माल कोणाच्या ताब्यात, खर्च कोणाचा, मुदत किती वाजेपर्यंत.”

२.३०
आयातीच्या टेबलावर आवाज चढलाय. चाकणच्या कारखान्याचं मशीन. बिल ऑफ एंट्री, कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद, जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ₹ ५,०००, पुढे रोज ₹ १०,०००. हे वेळेत भरलंय, ड्यूटीही गेली, कस्टम्सचं ओओसी, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, निघालं. अडलंय शिपिंग लाइनच्या डीओवर, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरवर. त्याशिवाय डबा हलणार नाही, आणि मोफत दिवस आज संपतात. उद्यापासून डबा पडून राहिल्याचं डेमरेज. बाहेर काढून रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन. ग्राहक दोन्हींना ‘दंड’ म्हणतो, पण ही दोन वेगळी बिलं.

चारच्या आत डीओ मिळतो. ई-वे बिल काढतात: चाकण दोनशे किलोमीटरच्या आत, म्हणजे एका दिवसाची मुदत, उद्या मध्यरात्रीपर्यंत. घाटात ट्रॅफिक लागलं तरी पुरेल.

४.३०
द्राक्षांच्या बीएलचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा, ड्राफ्ट. हा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. म्हणून प्रत्येक अक्षर वाचायचं. यासाठीचा आपला कायदा १८५६ चा होता, तो २०२५ मध्ये बदलला. घेणाऱ्याला मूळ प्रत पोचायची वाट बघायची नाहीये, म्हणून टेलेक्स रिलीज मागितलंय: मूळ प्रती इथेच लाइनला परत द्यायच्या आणि लाइनने तिकडच्या ऑफिसला मेल करायचा. मी आधी अकाउंट्सला विचारते, निर्यातदाराचे पैसे आलेत का. कारण रिलीज दिलं की माल गेला.

६.३०
ड्रायव्हरचा फोन. “मॅडम, पार्किंग प्लाझात लागलो. जेनसेट चालू आहे, टेम्परेचर शून्य पॉइंट तीन.” सीएचएच्या माणसाला फोन, सरकारी कागदांत तो आता कस्टम्स ब्रोकर, बोलण्यात सीएचएच. सव्वासातला त्याचा दोन शब्दांचा मेसेज: ‘एलईओ झाला.’ निर्यातीची परवानगी मिळाली. गेटवर लागणारा फॉर्म १३ तयार आहेच. गेट कट-ऑफला दीड तास असताना गाडी आत जाते. चुकली असती तर कंटेनर ‘रोल’ झाला असता, म्हणजे पुढच्या जहाजावर. आणि तोवर प्लगचे, म्हणजे रीफरच्या विजेचे, पैसे रोज वेगळे.

८.००
दादांना कळवते, गाडी आत गेली.
“मग आता आपलं काम मिटलं?”
“जहाज सुटू दे. मग लाइन ईजीएम भरेल, निघालेल्या मालाची यादी. त्यात तुमचा शिपिंग बिल नंबर चुकला तर सरकारी परतावा अडकतो.”
“तो कोण तपासणार?”
“मी. जहाज सुटल्यावर. तुम्ही फक्त शिपिंग बिलाची कॉपी जपून ठेवा.”