नियंत्रकांची वर्गवारी : वेब-प्रणालीतील उपफोल्डरांची रचना

चेन्नई शहराच्या दक्षिणेस असलेल्या पेरुंगुडी येथे पाठवावयाच्या पत्रावर ६०००९६ हा पिनकोड लिहितात. त्यातील पहिला अंक पत्र देशाच्या कोणत्या भागात जावयाचे ते सांगतो. पहिले तीन अंक मिळून चेन्नईचा टपालविभाग दर्शवितात. शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या टपालकचेरीचा बोध करून देतात. संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिचे मर्म साधे आहे. पत्र हाताळणाऱ्या प्रत्येकास सर्व पत्ता ठाऊक असण्याची गरज नसते. आपल्या पायरीपुरता भाग वाचून त्याने पत्र पुढे धाडावे, एवढे पुरेसे होते.

पेरुंगुडीतून जाणाऱ्या जुन्या महाबलिपुरम रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथे काम करणाऱ्या प्रोग्रामरांपुढेही वर्गवारीचा हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. वेबवरून चालणाऱ्या प्रणालीकडे वाचकांच्या संगणकांवरून क्षणोक्षणी मागण्या येतात. प्रत्येक मागणी एका पत्त्यासह येते, आणि तो पत्ता वाचून योग्य ते काम करवून घेणाऱ्या भागास कंट्रोलर, म्हणजेच नियंत्रक, असे म्हणतात. माहितीचा साठा, तिचे पडद्यावरील रूप आणि या दोहोंमधील नियंत्रक अशी त्रिविध विभागणी नॉर्वेचे शास्त्रज्ञ ट्रिग्व्ह रीन्स्काउग यांनी १९७९ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात प्रथम मांडली. पुढे रेल्स, कोडइग्नायटर, लाराव्हेल इत्यादी वेब-चौकटींनी तिचा अंगीकार केला.

प्रणाली लहान असते तोवर पाचसहा नियंत्रक एकाच फोल्डरात सुखाने नांदतात. परंतु कालांतराने त्यांची संख्या शंभरावर जाते, आणि हवी ती फाइल शोधण्यातच वेळ खर्च होऊ लागतो. शहरांचीही हीच गत असते. २०११ साली पेरुंगुडीसह अनेक उपनगरे चेन्नई महानगरपालिकेत सामील झाली. पालिकेचे क्षेत्र १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाले. तेव्हा संपूर्ण शहराची १५ विभागांत व २०० प्रभागांत नव्याने मांडणी करण्यात आली, आणि १४ व्या विभागास पेरुंगुडीचे नाव मिळाले. विस्तारानंतर पुनर्विभागणी अटळ ठरते.

उदाहरणादाखल एखाद्या नगरपालिकेची वेब-प्रणाली घेता येईल. तीत नागरिकांनी कर भरण्याचे, तक्रार नोंदविण्याचे आणि दाखले मागण्याचे काम एका बाजूस असते. तर कर्मचाऱ्यांनी त्या तक्रारी तपासण्याचे व दाखले मंजूर करण्याचे काम दुसऱ्या बाजूस असते. येथे ‘नागरिक’ आणि ‘प्रशासन’ असे दोन उपफोल्डर करून नियंत्रक त्यांत वाटून ठेवणे सोयीचे होय. कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘प्रशासन/तक्रार/पाहा/१२३’ असा पत्ता आला, की चौकट तो तुकड्यातुकड्याने वाचते. ‘प्रशासन’ या नावाचा फोल्डर आढळताच ती त्यात शिरते. तेथे ‘तक्रार’ हा नियंत्रक शोधते. त्याचे ‘पाहा’ हे कार्य चालविते. आणि १२३ हा तक्रारीचा क्रमांक त्या कार्याच्या स्वाधीन करते. टपालातील पत्राचा प्रवास याहून वेगळा नसतो.

मात्र दोन्ही फोल्डरांत ‘तक्रार’ नावाचाच नियंत्रक असेल तर काय होते? एकाच नावाचे रस्ते शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत असतात, आणि वस्तीचे नाव जोडल्याने घोटाळा टळतो. प्रोग्रामिंगमध्ये या जोडनावास नेमस्पेस म्हणतात. पीएचपी भाषेत ही सोय २००९ साली आवृत्ती ५.३ मध्ये आली. लाराव्हेलसारख्या चौकटीत फोल्डरचा मार्ग आणि नेमस्पेस यांचा परस्परांशी मेळ असावा लागतो. फाइल नव्या फोल्डरात हलविली, पण तिच्यातील नेमस्पेस जुनीच राहिली, तर नियंत्रक समोर असूनही चौकटीस सापडत नाही.

या रचनेत काही धोके संभवतात. विंडोज प्रणालीवर फाइलींच्या नावांत रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेद सामान्यतः मानला जात नाही. लिनक्सवर तो कसोशीने पाळला जातो. त्यामुळे कचेरीतील संगणकावर सुरळीत चालणारी प्रणाली सर्व्हरवर चढविताच ‘पृष्ठ सापडत नाही’ असे उत्तर देऊ लागते. दुसरे असे, की कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत एकाच स्थानी फाइल व फोल्डर यांचे नाव सारखे असल्यास फाइलीस अग्रक्रम मिळतो, आणि फोल्डरातील नियंत्रकांपर्यंत मागणी पोचतच नाही. तिसरे, फोल्डर बदलल्याने पत्ता बदलत असेल, तर नागरिकांनी जतन केलेले जुने पत्ते निरुपयोगी होतात. म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण देणारी ३०१ क्रमांकाची सूचना ठेवणे आवश्यक असते.

परंतु सर्वांत गंभीर चूक समजुतीची असते. ‘प्रशासन’ या नावाच्या फोल्डरात ठेवला म्हणजे नियंत्रक सुरक्षित झाला, असे मानणे भ्रामक होय. फोल्डर ही दारावरील पाटी आहे, कुलूप नव्हे. पत्ता ठाऊक असलेला कोणीही परका मनुष्य तेथे मागणी पाठवू शकतो, आणि तपासणीची व्यवस्था नसेल तर दुसऱ्याचा दाखला वा कराची नोंद त्याच्या हाती पडू शकते. यावर उपाय आहे. कोडइग्नायटरमध्ये त्या फोल्डरातील सर्व नियंत्रकांस एका समाईक मूळ नियंत्रकापासून उत्पन्न करून, ओळख व अधिकार यांची तपासणी त्या मूळ नियंत्रकातच ठेवितात. लाराव्हेलमध्ये मार्गांच्या संपूर्ण गटावर मिडलवेअर नावाचा पहारा बसवितात. वर्गवारीचा खरा लाभ येथेच दिसून येतो : एकत्र ठेवलेल्यांवर एकच नियम लावता येतो, आणि नव्याने भर पडणारा नियंत्रक पहाऱ्याबाहेर राहण्याचा संभव कमी होतो.

उपफोल्डर किती खोल असावेत, यास ठरीव नियम नाही. सामान्यतः एक वा दोन पायऱ्या पुरेशा होतात. त्याहून अधिक झाल्यास पत्ते लांबतात आणि शोधण्याचा त्रास पुन्हा उद्भवतो. विभागणी कामाच्या स्वरूपावरून करावी, फाइलींच्या संख्येवरून नव्हे. पेरुंगुडीच्या टपालवाल्यास सहा अंकांत घर गाठण्याची वाट सापडते. नव्याने कामावर रुजू झालेल्या प्रोग्रामरास केवळ पत्ता वाचून योग्य फाइल गवसली, तर ती रचना यशस्वी झाली असे समजावे.